घर रानात, पोट शिवारात

कारळ्याच्या चटणीचे श्रेय वाटायला बसले तर पेरणारा, राखणारा, मंद आचेवर भाजणारा हात, खलबत्ता अशी यादी होते. तीत एक नाव सहसा राहून जाते. अकोले-इगतपुरीपासून पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाड्यापर्यंत डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत नागली-वरईच्या जोडीला कारळा पेरतात. तिकडे त्याला खुरासणी म्हणतात. पाऊस ओसरता ओसरता ही शेते पिवळी होतात. त्यातले एक फूल हातात धरून जवळून पाहा, ते एक फूल नसतेच. कडेला पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या सातआठ पिवळ्या जिभा आणि मध्ये दाटीवाटीने बसलेली बारीक नळीदार फुले. ती एकदम उमलत नाहीत. बाहेरच्या कड्यापासून आत, एकेक कडे करत उमलत जातात, आणि उमललेल्या प्रत्येक नळीच्या तोंडाशी परागाची पिवळी पूड साचते.

ही पूड त्याच रोपाच्या फुलावर पडली तर मात्र फुकट जाते. कारळ्याचे स्त्रीकेसर आपल्याच रोपाचा पराग ओळखते आणि त्याला रुजू देत नाही. दाणा भरायचा तर दुसऱ्या रोपाचा पराग हवा. वाऱ्याच्या भरवशावर हे काम होत नाही, कारण हा पराग चिकट असतो, उडण्यापेक्षा अंगाला लागण्यासाठीच घडलेला. म्हणजे चटणीच्या यादीतले राहिलेले नाव माशीचे.

आणि ती माशी त्या शेतात राहत नाही.

नांगरलेल्या वावरात सातेरी माशीला घर करायला जागाच नसते. तिला झाडाची ढोली लागते, खडकातली कपार किंवा जुन्या भिंतीतले भगदाड. अंधारे, कोरडे, अरुंद तोंडाचे. आत ती एकाशेजारी एक अशी पोळी बांधते. आग्या माशीचा स्वभाव उलटा. तिचे एकच भलेमोठे पोळे उघड्यावर लोंबते, उंच झाडाच्या फांदीला, कड्याच्या पोटाखाली, हल्ली पाण्याच्या टाकीला आणि पुलाच्या कमानीलाही. फुलोरी माशी झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे पोळे गुंडाळते. पोयाची माशी तर इतकी चिमुकली की लोक तिला चिलट समजून हाकलतात. तिला नांगी नाही, आणि ती खोडातल्या भेगेत राहून दाराशी डिंक-मेणाची छोटी नळी काढते. चौघींच्या घराच्या अटी वेगळ्या, पण एक गोष्ट सारखी आहे: जिथे दरवर्षी माती उलटीपालटी होते तिथे यांतल्या कुणाचाच निभाव लागत नाही. त्यांना जुने, न हललेले काहीतरी हवे असते. जुने झाड, जुना कडा, जुनी भिंत, जुने झुडूप.

फुलांचा हिशेब नेमका उलटा आहे. सह्याद्रीच्या रानात एका जातीची दोन झाडे शेजारीशेजारी असतीलच असे नाही. एक जांभूळ इथे, दुसरे ओढ्यापलीकडे; मध्ये हिरडा, अंजनी, पिसा, गेळा. माशीला एका जातीच्या फुलाची चटक लागली तर त्या जातीच्या दुसऱ्या झाडापर्यंत मजल मारावी लागते. शेतात मात्र एकाच जातीची लाखो फुले एका वावरात, एकाच आठवड्यात. माशीच्या दृष्टीने ही चंगळ आहे, पण दहापंधरा दिवसांची. पुढे त्याच वावरात तिच्यासाठी महिनोन्महिने काही नसते. रान थोडे थोडे देते पण वर्षभर देते. शेत भरभरून देते आणि मग पाठ फिरवते. वनस्पती आणि कीटक यांच्या नात्याबद्दल गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले त्यातले बरेचसे मला या एका फरकाभोवती फिरताना दिसते. माशी रानात राहते की शेतात, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती दोहोंच्या मधल्या अंतरात राहते.

हे अंतर कुणी मोजले आहे का? मोजले आहे, आणि तेही पैशांत. कोस्टा रिकात टेलर रिकेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या एका मोठ्या मळ्यात काम केले. मळ्याला लागून रानाचे दोन तुकडे शिल्लक होते, एक ४६ हेक्टरांचा, दुसरा १११ हेक्टरांचा. रानाच्या अगदी कडेची कॉफी, थोड्या अंतरावरची कॉफी आणि दीड किलोमीटरच्या आसपासची कॉफी अशा जागा निवडून त्यांनी फुलांवर येणाऱ्या माश्या मोजल्या, हाताने पराग लावून पाहिला, फळे मोजली. ही कॉफी अरेबिका जातीची. तिला स्वतःचा पराग चालतो. त्यामुळे माश्यांवाचून तिचे काही अडणार नाही, अशीच कुणाचीही समजूत झाली असती. पण २००४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळेच सांगत होते. रानापासून साधारण एक किलोमीटरच्या आत उत्पादन २० टक्क्यांनी जास्त होते. शिवाय पीबेरीचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होते. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया समोरासमोर, चपटी बाजू आत करून बसतात. दोहोंपैकी एकच बी धरली तर ती एकटी गोल होते, ती पीबेरी. म्हणजे बी किती भरली, कशी भरली, हेही माशीच्या फेऱ्यांवर अवलंबून होते. रानाच्या त्या दोन तुकड्यांनी एकट्या त्या मळ्याला वर्षाला जवळपास ६० हजार डॉलर मिळवून दिले, असा हिशेब निघाला.

या अभ्यासातला मला सगळ्यात आवडणारा भाग पैशांचा नाही. मळ्यात जिकडेतिकडे परदेशातून येऊन रानटी झालेल्या मधमाश्या होत्या, आणि दूरच्या कॉफीचा भार जवळजवळ त्यांच्यावरच होता. रानाकाठच्या कॉफीवर त्यांच्याबरोबर रानातल्या, नांगी नसलेल्या देशी माश्यांच्याही अनेक जाती येत. मध्येच एका वर्षी त्या रानटी मधमाश्यांची संख्या घटली. दूरची कॉफी उघडी पडली. रानाकाठच्या कॉफीला मात्र फारसे कळलेही नाही. एक आटली तर दुसरी आहे, ही सोय रानाने फुकट करून ठेवली होती.

चार वर्षांनी, २००८ मध्ये, रिकेट्स आणि इतर संशोधकांनी जगभरातले असे २३ अभ्यास एकत्र मांडले. त्यात १६ पिके होती. नैसर्गिक अधिवासापासून दूर जावे तसतशा पिकाच्या फुलांवरच्या माश्यांच्या फेऱ्या घटत जातात, आणि सरासरी ६०० मीटरवर त्या निम्म्यावर येतात. सहाशे मीटर! गावाच्या वेशीपासून शाळेपर्यंत इतके अंतर असते. माश्यांच्या जातींची संख्या निम्मी व्हायला मात्र दीड किलोमीटर लागतो. आधी वर्दळ कमी होते, विविधता जरा उशिरा ओसरते. एखादी चुकलीमाकली माशी दूरच्या वावरातही दिसते, आणि तिला पाहून सगळे ठीक चालले आहे असे वाटते.

आपल्या शेजारी, कोडगूत, गोष्ट आणखी टोकाची आहे. तिथल्या रोबस्टा कॉफीला कारळ्यासारखाच स्वतःच्या झाडाचा पराग चालत नाही. मार्चच्या सुमारास पहिला वळीव पडला की काही दिवसांत डोंगरच्या डोंगर एकदम पांढरे होतात, आणि दोनतीन दिवसांत सगळे आटोपते. एवढ्या अवधीत एवढ्या फुलांवर पोचायचे म्हणजे फौज हवी. ती फौज मुख्यतः आग्या माशीची. जोडीला सातेरी आणि पोयाची. आग्या मोहोळे जुन्या, उंच झाडांवर लागतात, कधी एकेका झाडावर डझनावारी. असली झाडे तिथे देवरकाडूत टिकली आहेत. आपल्याकडच्या देवराया त्याच जातकुळीच्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा भर होता वनस्पतींवर आणि लोकांच्या श्रद्धेवर. पण देवाच्या नावाने न तोडलेले उंच झाड हे आग्या माशीचे बिऱ्हाडही असते.

जागेच्या अंतराइतकेच महत्त्वाचे आहे काळाचे अंतर. सह्याद्रीतल्या सातेरीचे वर्ष पाहा. माघ-फाल्गुनात करवंद फुलते, मग अंजनीच्या काटक्या निळ्याजांभळ्या फुलांनी लगडतात, चैत्राच्या आगेमागे जांभूळ, पाठोपाठ हिरडा. महाबळेश्वरकडचे मधपाळ पेटीतून निघालेला मध याच क्रमाने ओळखतात. जांभळाचा कडसर मध वेगळा, हिरड्याचा वेगळा. मग येतो आषाढ. घाटमाथ्यावरचा पाऊस दिवसच्या दिवस थांबत नाही. माशी बाहेर पडू शकत नाही, आणि पडली तरी फुलात मकरंदाऐवजी पाणी. माणसाला हिरवेगार दिसणारे हे दिवस माशीच्या उपासमारीचे असतात. मधपाळ तेव्हा पेटीत साखरेचा पाक ठेवतात. रानातल्या वसाहतीला पाक कोण देणार? ती साठवलेल्या मधावर तग धरते. नाहीतर मरते, किंवा घर सोडून उडून जाते.

आणि नेमक्या या कडकीच्या शेवटी शेत मदतीला येते. भाद्रपद-आश्विनात तीळ फुलतो, कारळा फुलतो. माळांवर सोनकी, बांधांवर तेरडा. त्या दिवसांत माशी शेतावर उपकार करते असे म्हणावे, तर शेतही रानातल्या वसाहतीला उभारी देत असते. पुढे थंडीत डोंगराखाली धने, करडई, मोहरी. जिथे रान आणि अशी मिश्र पिके एकमेकांच्या आवाक्यात आहेत तिथे माशीचे बारा महिन्यांचे कॅलेंडर कसेबसे जुळते. रान काढून टाकले तर उन्हाळ्याचे पान फाटते. शेतात नुसता ऊस उभा केला तर पावसाळ्यानंतरचे पान फाटते. कुठलेही एक पान फाटले की वसाहत त्या पानावर संपते, मग उरलेल्या अकरा महिन्यांत कितीही फुले असोत.

या कॅलेंडरात एक पान दरवर्षी येत नाही. कारवी सात वर्षे नुसती पानांची झाडी वाढवते आणि आठव्या वर्षी, श्रावणापासून पुढे, अख्खा डोंगर एकदम फुलवते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०००, २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. फुलली की बी धरते आणि मरते. एवढे एकच बाळंतपण असल्यावर माश्या आल्या नाहीत तर पुढच्या वर्षी बघू, ही सोय तिला नाही. म्हणून ती सगळी मिळून एकदम फुलते, आसमंतातली झाडून सगळी पोळी आपल्याकडे वळतील इतकी. कारवीचा दाट, गडद मध ज्या वर्षी निघतो ते वर्ष मधपाळांच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षे राहते. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्याच्या भोवतीचे रान वजा केले तर त्या पाटीला काही अर्थ उरणार नाही.

मधमाशीचे एवढे गुण गाऊन झाल्यावर तिची एक मर्यादाही सांगितली पाहिजे: तिला वांगे जमत नाही. वांग्याचे फूल उलटे करून पाहा. जांभळ्या पाकळ्यांच्या मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा शंकू असतो. एरवी पुंकेसर उकलतो आणि पराग उघडा पडतो. वांग्याचा उकलत नाही. टोकाला फक्त बारीक भोके असतात आणि पराग आत कोंडलेला असतो. निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी माशी येते, शंकूला पायांनी घट्ट कवटाळते, पंख जागच्या जागी ठेवते आणि नुसते छातीचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवते. आवाज बदलतो, एकदम चढा होतो. मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसा पराग भोकांतून तिच्या पोटावर सांडतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून शंकूला टेकवला तरी हीच करामत घडते. टोमॅटोचेही असेच. मधमाशीला ही थरथर येत नाही. ती वांग्याच्या फुलावर आली तरी सांडलेले वेचते.

निळ्या पट्ट्यांची माशी पोळे बांधत नाही. मातीच्या उभ्या कापात, जुन्या मातीच्या भिंतीत, नाल्याच्या काठाला ती बोटभर बोगदा कोरते आणि त्यात पराग-मकरंदाचा गोळा ठेवून अंडे घालते. पान कापणारी माशी गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानातून कर्कटकाने आखावा असा अर्धगोल कापून नेते, त्याची सुरळी करून पोकळ काडीत घर करते, आणि जाता येता तुरीच्या फुलांत शिरून पराग फिरवते. यांना रान लागतेच असे नाही. यांना बांध पुरतो. मात्र बांध म्हणजे खरा बांध: दगडमातीचा, थोडा ढासळलेला, वर गवत आणि दोनचार झुडपे असलेला. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून, किंवा फूटभर जमीन मिळते म्हणून आपण तो कोरत गेलो. भावकीच्या भांडणात बांध हा नेहमी जमिनीचा तुकडा म्हणून मोजला जातो. वांग्याच्या दृष्टीने तो प्रसूतिगृह आहे, हे कुठल्याही सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

म्हणूनच ‘परागीकरण हवे तर मधपेट्या आणा’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. कांद्याच्या डोंगळ्यांना, डाळिंबाला, सूर्यफुलाला पेट्यांचा उपयोग होतो. लोक त्या भाड्याने आणतात आणि ते योग्यच आहे. पण पेटी म्हणजे एका जातीची माशी, आणि तीही फवारणीच्या वेळा पाळल्या तरच जगणारी. सकाळी फुले उमलली असताना कीटकनाशक मारायचे आणि दुपारी पेट्या मोजायच्या, हा उद्योग कुणालाच परवडत नाही. दुसऱ्या टोकाला, माश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरत असते. त्यांनी ते म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ते खरेही नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी यांना माशी लागत नाही. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांचा आढावा २००७ मध्ये घेतला गेला. त्यातली ८७ पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकरवी होणाऱ्या परागीकरणावर अवलंबून निघाली, पण वजनाने पाहिले तर जगाचे सुमारे ३५ टक्केच अन्न त्यांतून येते. माशी गेली तर आपण उपाशी मरणार नाही. भाकरी राहील, तोंडी लावायला काय उरेल ते सांगता येत नाही.

आता रात्रीकडे वळू, कारण रानातली सगळ्यात नवलाची नाती अंधारात आहेत. भीमाशंकरच्या रानात वारस नावाचे झाड आहे. उन्हाळ्याच्या तोंडी ते पांढऱ्या, मोठ्या, सुगंधी फुलांचे झुबके धरते आणि ही फुले रात्री उमलतात. रात्री उमलणारे पांढरे फूल म्हटले की पतंग किंवा वटवाघूळ, असा वनस्पतिशास्त्राचा साधारण आडाखा. हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी तिथे रात्री जागून काढल्या तेव्हा फुलांवर गुणगुणत होता चक्क भुंगा. काळा, जाडजूड, घराचे वासे पोखरणारा. २००१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडे लाकूड भेदणाऱ्या भ्रमराची उपमा येते. तो हाच, वाळक्या लाकडात बोगदा करून राहणारा. काव्यातल्या भुंग्याला कमळ सोडवत नाही. भीमाशंकरच्या भुंग्याला कमळाशी कर्तव्य नव्हते, तो चांदण्यात वारसाच्या मागे होता.

तिथे भुंग्यांच्या तीन जाती आहेत आणि त्यांनी चोवीस तास आपसात वाटून घेतले आहेत. एक निव्वळ दिवसाची. दुसरी, वारसावरची, दिवसाही फिरते आणि चांदणे असेल तर रात्रीही. तिसरी पक्की निशाचर, अमावास्येच्या रात्रीही उडणारी. या तिसरीच्या घरट्यांच्या दाराशी संशोधकांनी रंगीत खुणा लावल्या, मग त्यांच्या जागा बदलल्या, आणि निव्वळ चांदण्यांच्या उजेडात ती रंगावरून आपले दार ओळखते का ते पाहिले. ओळखत होती. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. चंद्र नसताना माणसाला सगळे करडे दिसते. निळे-पिवळे ओळखणे आपल्या डोळ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. आणि हा भुंगा ते करतो दिवसाच्या उजेडासाठी घडलेल्या धाटणीच्या संयुक्त डोळ्याने, फक्त त्यातली एकेक भिंगे मोठी आणि प्रकाश टिपणारे दांडके रुंद करून.

रानाचा या नात्यातला वाटा कोणता? वाळके लाकूड. उभे मेलेले झाड, मोडून लटकलेली जाड फांदी. सरपण म्हणून ते आधी जाते, आणि वनव्यवस्थेच्या भाषेतही ते कितीतरी वर्षे ‘निरुपयोगी’ होते. वारसाला मात्र त्या निरुपयोगी ओंडक्यात राहणारा पाहुणा हवा असतो.

आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबाला एक झाड जुमानत नाही. उंबर. विहिरीच्या काठी, भर उसाच्या शिवारात, मैलभर दुसरे उंबर नसताना एकटे उभे असते आणि तरी लगडते. उंबर फोडले की केंबरे उडतात, हे आपण लहानपणापासून पाहतो आणि तोंड वाकडे करतो. ती कीड नव्हे. ते उंबराचे भटजी, वऱ्हाडी आणि दाई, सगळे काही आहेत. उंबराचे ‘फळ’ म्हणजे आतबाहेर उलटलेला फुलोरा. फुले आत, कोंडलेली. तोंडाशी खवल्यांचे बारीक छिद्र. केंबऱ्याची मादी, तिळाहूनही बारीक, त्या छिद्रातून आत घुसते आणि घुसताना तिचे पंख तुटतात. परतीचा प्रश्नच नाही. आत ती छातीवरच्या खिशातून आणलेला पराग फुलांवर लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पिल्लांतले नर बिनपंखी. ते आतल्या आत माद्यांशी जुगतात, मग भिंत कुरतडून बोगदा पाडतात आणि बहुतेक कधी बाहेर न येता संपतात. माद्या नव्याने उकललेला पराग खिशात भरून त्या बोगद्यातून बाहेर पडतात. त्यांच्याजवळ आयुष्य उरलेले असते एकदोन दिवसांचे.

एवढ्या वेळात तो चिमुकला जीव दुसरे उंबर कसे गाठतो? उंबराच्याच जवळच्या आफ्रिकी नातलगावर नामिबियाच्या वाळवंटात काम झाले. तिथे ही झाडे नदीच्या कोरड्या पात्राकाठी, एकमेकांपासून फार दूर उभी आहेत. झाडांच्या आणि बियांच्या जनुकीय चाचण्यांवरून कोणत्या फळाचा बाप कोणते झाड ते शोधले गेले. २००९ मध्ये आलेले उत्तर थक्क करणारे होते: केंबऱ्यांनी पराग आणला होता सरासरी ८९ किलोमीटरवरून, काही वेळा १६० किलोमीटरवरून. ते स्वतःच्या पंखांनी एवढे उडत नाहीत. उंच जाऊन वाऱ्यावर स्वार होतात आणि योग्य वास आला की खाली उतरतात. आग्यासारखी दणकट माशी काही किलोमीटरांत दमते, आणि एक दिवसाचा सोबती असलेला केंबरा जिल्हे ओलांडतो. उंबर आणि केंबरा हे नाते इतके एकनिष्ठ आहे की रान तुटल्यावर ते सगळ्यांत आधी तुटायला हवे होते. वाऱ्याने ते वाचवले. आणि दत्ताच्या नावाने, औदुंबर म्हणून, माणसानेही. कारण झाडे शिवारात उभी आहेत म्हणून तर केंबऱ्याला उतरायला जागा आहे. पुरंदरच्या अंजिराने मात्र हा सगळा व्याप सोडून दिला. ती जात परागाशिवायच फळ धरते, म्हणून अंजीर फोडल्यावर काही उडत नाही.

ज्या झाडांना वाराही साथ देत नाही आणि माशीही मागे राहिली, त्यांचे काम माणसाला करावे लागते. मेक्सिकोकडच्या रानातून व्हॅनिलाची वेल जगभर गेली, तिचे कीटक गेले नाहीत. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग लावायची युक्ती काढली. आज कोकण-केरळातल्या व्हॅनिलाच्या मळ्यांतही सकाळी फूल उमलले की माणसे हेच करतात, एकेका फुलाला. सीताफळही अमेरिकेतून आलेले. त्याचे काम बारीक भुंगेरे करतात, तेही अर्धवट, म्हणून आता बागांमध्ये कुंचल्याने पराग लावायचा खटाटोप चालतो.

आंब्याची गोष्ट याहून बरी आहे, कारण तो इथलाच. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी फुले असतात आणि फळे धरतात दोनचार. मोहोरावर काम करणाऱ्यांत साध्या माश्या, हिरव्यानिळ्या चकाकणाऱ्या माश्या, फुलमाश्या, पोयाच्या माश्या असा सगळा मिश्र जमाव असतो. दक्षिण आफ्रिकेत लुइसा कार्व्हाल्हेरो आणि सहकाऱ्यांनी आंब्याच्या मोठ्या बागांत पाहिले, तर रानापासून दूरच्या झाडांवर हा जमाव पातळ होत होता आणि आंबेही कमी लागत होते. मग त्यांनी बागेच्या आत, आंब्याच्या रांगांजवळ, तिथल्या रानातल्या दोन जातींच्या झुडपांचे लहानसे वाफे लावले. २०१२ मध्ये त्याचा निकाल आला: वाफ्यांजवळ माश्या वाढल्या आणि दूरपणाचा तोटा बराचसा भरून निघाला. त्यासाठी रानाएवढे रान लावावे लागले नाही. त्या दोन झुडपांतले एक कोरफडीच्या कुळातले होते आणि दुसरे कोरांटीच्या. त्यांना ती मुद्दाम लावावी लागली. कोकणात कोरांटी आंब्याच्या बागेभोवतीच्या गडग्यावर आपसूक उगवते, आणि मोहोराचा हंगाम जवळ आला की बाग नीटनेटकी दिसावी म्हणून कोयत्याने किंवा तणनाशकाने साफ केली जाते.